जहागीरदाराचे घर, कुळांनी राखलेले

फ्रान्सच्या वायव्य टोकाला, अटलांटिक महासागरात घुसलेल्या ब्रिटनी प्रांतात गावागणिक, बहुधा वस्तीपासून जरा बाजूला, एक दगडी घर दिसते. करड्या ग्रॅनाइटची चौकट, स्लेटचे उभट छप्पर, भिंतीला लागून एक बहुकोनी बुरूज आणि पुढे तटबंद अंगण. याला मान्वार म्हणतात. लहान जहागीरदाराचे राहते घर. अशा घराचे काय करावे, याविषयी तिथे आणि एकूणच वारसाप्रेमी मंडळींत एक सर्वमान्य उत्तर तयार असते: सरकारने ते संरक्षित करावे, नंतरच्या लोकांनी केलेली मोडतोड आणि भर काढून टाकावी, मूळ रूप परत आणावे आणि लोकांना पाहायला उघडावे. हे इतके रास्त वाटते की कुणी उलट विचारायला जात नाही.

मला हे उत्तर उथळ वाटते. माझे म्हणणे असे: मान्वारला मूळ रूप नावाची गोष्टच नसते. तो एका साली बांधून पुरा झालेला कलाकृतीचा नमुना नाही. जमीन राखण्याचे आणि त्या जमिनीवरचा हक्क चारचौघांत मिरवण्याचे ते साधन होते, आणि साधन वापरात राहते तोवर बदलत राहते. तो आजवर टिकला त्याचे श्रेय बांधणाऱ्या घराण्यांपेक्षा तिथे पुढे राबलेल्या कुळांना जास्त आहे. तेव्हा संरक्षण द्यायचे तर ते एका निवडक शतकाच्या चेहऱ्याला देऊन भागणार नाही. सगळ्या शतकांच्या खुणांना आणि घर-जमीन या नात्याला ते मिळाले पाहिजे.

१. बुरूज आहे, पण किल्ला नाही

आधी वस्तू नीट पाहू. मान्वारचा बुरूज पाहून प्रवाशाला लढाया आठवतात. प्रत्यक्षात त्या बुरुजात बहुतेक ठिकाणी चक्राकार जिना असतो, दुसरे काही नाही. त्याच्या माथ्यावर अनेकदा एक छोटी खोली असते, तीही कागदपत्रे ठेवायला किंवा चार कोसांवरून घर दिसावे म्हणून. तोफेपुढे ही भिंत टिकणार नव्हती आणि ते बांधणाऱ्यालाही ठाऊक होते.

हे घर उगवले कसे, तेही बघितले पाहिजे. ११८५ साली ब्रिटनीच्या ड्यूक जॉफ्रीच्या फर्मानाने सरदारी जमिनींची वाटणी रोखली गेली; जमीन थोरल्याकडे आणि धाकट्यांची सोय थोरल्याने लावायची, ही रीत पुढे खानदानी घराण्यांत रुजली. तरीही धाकट्या पात्या फुटतच गेल्या आणि ब्रिटनीत खानदानी पण बेताच्या ऐपतीच्या घराण्यांची संख्या फार वाढली. त्यातले कित्येक स्वतः शेती करत. व्यापारात उतरलेल्या माणसाचे खानदानीपण तिथल्या रिवाजानुसार ‘झोपी’ जाई आणि धंदा सोडला की पुन्हा जागे होई. अशा माणसाला आपण कोण आहोत हे सतत दाखवत राहावे लागते. ब्रिटनीच्या गादीसाठीचे १३४१ ते १३६४ चे वारसायुद्ध संपल्यावर, माँफोर घराण्याच्या ड्यूकांच्या काळात हातात पैसा आला आणि सुमारे १३८० पासून १६०० पर्यंत मान्वार बांधण्याची लाटच आली.

या घरातला प्रत्येक दगड हुद्दा आणि शेती या दोन्ही गोष्टी एकदम बोलतो. अंगणाच्या प्रवेशाला शेजारी शेजारी दोन दारे असतात, एक गाडीसाठी रुंद, एक माणसासाठी अरुंद. आत मोठे दालन. सुरुवातीच्या कित्येक घरांत ते थेट छपरापर्यंत मोकळे होते. वर पाहिले की घडीव वासे दिसत. दालनाच्या एका टोकाला स्वयंपाकघराकडून येणारी वाट, दुसऱ्या टोकाला मालकाची बाजू. तिथली खिडकी मोठी, तिच्या जाड भिंतीत समोरासमोर दगडी बैठका. खंड भरायला आलेले कूळ कुठवर येईल आणि कुठे थांबेल, हे बांधकामच ठरवत होते. पुढे दालनावर माळा टाकला गेला, वर दुसरे दालन झाले, खाली धान्य आणि पिंपे आली.

कबुतरखाना तर याहून बोलका. बाहेरून तो गोल, देखणा दगडी मनोरा. आत भिंतभर कोनाडे. पण तो कुणीही बांधू शकत नव्हता. ब्रिटनीच्या १५८० च्या सुधारित रिवाजसंहितेनुसार त्यासाठी ३०० ‘जुर्नाल’ जमीन लागे, म्हणजे आजच्या हिशेबाने दीडशे हेक्टरच्या आसपास. कबुतरे खात शेजारच्या कुळाच्या शेतातले दाणे, आणि खत पडे मालकाच्या अंगणात. त्या मनोऱ्याचे छायाचित्र काढून ‘किती रमणीय’ म्हणणे सोपे आहे, पण त्यातला व्यवहार समजायचा तर मनोरा आणि आसपासची शेते एकत्र पाहावी लागतात. मनोरा राखला आणि भोवतालची शेते जाऊ दिली, तर उरते ती एक गोल इमारत.

२. चार शतके सांभाळले कोणी?

सतराव्या शतकापासून लग्नसंबंधांमुळे जमिनी एकवटत गेल्या. एका घराण्याकडे पाच-सात मान्वार आले, मालक शहरात किंवा नव्या मोठ्या प्रासादात राहायला गेला आणि मान्वार कुळाला दिला. बहुसंख्य मान्वार जहागीरदाराचे घर म्हणून दोन-अडीचशे वर्षे जगले आणि शेतकऱ्याचे घर म्हणून त्याहून जास्त.

शेतकऱ्याने त्याचे काय केले? दालनाचे स्वयंपाकघर केले. वरच्या दालनात धान्य पसरले. तुळयांना खारवलेले डुकराचे मांस टांगायला आकडे ठोकले. खिडक्या बुजवल्या, १७९८ पासून १९२६ पर्यंत फ्रान्समध्ये दारे-खिडक्या मोजून कर घेतला जाई हे त्याचे एक कारण, आणि धान्याच्या खोलीला मोठ्या खिडकीची गरज नसते हे दुसरे, बहुधा जास्त खरे. लाकडी फळ्यांच्या आडभिंती घातल्या. याच सगळ्याला ‘मोडतोड’ म्हणतात.

पण श्रीमंत मालक असता तर काय झाले असते? अठराव्या शतकात त्याने दर्शनी भिंत पाडून समप्रमाण खिडक्यांची नवी भिंत उभारली असती; एकोणिसाव्यात नवगॉथिक शिखरे चढवली असती. श्रीमंत घरांचे असेच झाले. कुळाकडे त्याला पैसा नव्हता आणि गरजही नव्हती. ज्या पंधराव्या शतकातल्या वाशांचे आज कौतुक होते, ते शेतकऱ्याने घातलेल्या माळ्याच्या वर, पोत्यांच्या डोक्यावर सुखरूप राहिले. बुजवलेल्या खिडकीच्या आत तिच्या दगडी बैठका सुखरूप राहिल्या. शेतकऱ्याने छप्पर गळू दिले नाही, कारण खाली त्याचे वर्षाचे धान्य होते. जुनी इमारत टिकण्यासाठी यापेक्षा मोठे काही लागत नाही.

खरी पडझड विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाली. जमिनींच्या एकत्रीकरणात बांध आणि कुंपणझाडे सपाट झाली, ट्रॅक्टर आले, शेतकरी नव्या सिमेंटच्या घरात गेला. छपराखाली धान्य उरले नाही तेव्हा छपराकडे कोणी पाहीना. मग जुन्या वस्तूंचे व्यापारी आले आणि घडीव ग्रॅनाइटच्या शेकोट्या उचकटून विकल्या जाऊ लागल्या. ही वृत्ती नवी नाही. मोर्ले शहरातल्या सोळाव्या शतकातल्या एका व्यापारी घराचा कोरीव लाकडी जिना विसाव्या शतकाच्या आरंभीच लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात जाऊन उभा राहिला. जिना उत्तम राखला आहे. फक्त तो कुठेही चढत नाही.

३. ‘मूळ रूप’ आणणारा हात

व्यापाऱ्यापेक्षा मला प्रेमळ मालकाची भीती जास्त वाटते. १९७०-८० च्या दशकांत शहरातल्या हौशी मंडळींनी अनेक मान्वार विकत घेतले आणि मनापासून दुरुस्त केले. त्यांनी पहिली गोष्ट केली ती गिलावा खरवडण्याची. ‘खरा दगड दिसला पाहिजे’ हा त्या पिढीचा ध्यास होता.

भिंत जवळून पाहा. दारे, खिडक्या आणि कोपरे यांचे दगड घडीव ग्रॅनाइटचे. ते दिसावेत म्हणूनच घडवलेले. मधली भिंत मात्र अनघड दगडांची, माती किंवा चुन्यात बसवलेली, आणि ती कधीच उघडी राहणार नव्हती. तिच्यावर चुन्याचा गिलावा असे. तो पावसाचा मार अंगावर घेई आणि भिंतीतली ओल बाहेर सोडी. गिलावा काढून दगडांमधल्या फटी सिमेंटने भरल्या की पाणी सूक्ष्म भेगांतून आत जाते आणि बाहेर पडायला वाट राहत नाही. काही वर्षांत लोणा चढतो, आणि सर्वांत वाईट म्हणजे भिंतीत रुतलेली तुळयांची टोके कुजतात. घर ‘मध्ययुगीन’ दिसते. असे मध्ययुग मध्ययुगात कोणी पाहिलेले नसते.

आतही तेच. शेतकऱ्याची आडभिंत काढतात, माळा काढतात, दालन छपरापर्यंत मोकळे करतात. पण माळा सोळाव्या शतकात खुद्द जहागीरदारानेच घातलेला असू शकतो. कोणते शतक मूळ धरायचे? एकोणिसाव्या शतकात जीर्णोद्धारक वास्तुविशारद व्हियोले-ल-द्यूकने निदान प्रामाणिकपणे मान्य केले होते की जीर्णोद्धारातून निघणारी अवस्था पूर्वी कधीच अस्तित्वात नव्हती असेही घडू शकते. आजचे हौशी मालक काम तेच करतात, कबुली मात्र देत नाहीत. उलट स्मारकांच्या जतनाविषयीच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेने, इमारतीत सर्व काळांनी घातलेली योग्य भर मानायला हवी, असे तत्त्व घालून दिले. साठ वर्षांनंतरही ते तत्त्व कॅथेड्रलला लागू पडते आणि शेतकऱ्याच्या आडभिंतीपाशी येऊन थबकते.

(मनातला मान्वार किती बिनजमिनीचा असतो याचा कळस म्हणजे कामारे गावाजवळचे कवी सां-पोल-रूचे घर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याने समुद्राच्या कड्यावर बुरुजा-बुरुजांचा मान्वार उभारला. शेत नाही, कूळ नाही. १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात तो उद्ध्वस्त झाला, आणि प्रवासी त्याच्या भग्न भिंतींत ‘खरी ब्रिटनी’ शोधतात.)

४. कायदा काय पाहतो

आता संरक्षणाकडे. फ्रान्सची या बाबतीतली परंपरा जुनी आणि गंभीर आहे, तिची टिंगल करण्याचा हेतू नाही. १८३० मध्ये ऐतिहासिक स्मारकांच्या महानिरीक्षकाचे पद निर्माण झाले. १८३४ पासून ते लेखक प्रॉस्पेर मेरिमेकडे होते आणि १८३५ साली तो ब्रिटनीसह पश्चिम फ्रान्स हिंडला. चर्चे आणि कार्नाकचे महापाषाण यांच्यापुढे शेतावरच्या घरांना त्या काळी किंमत नव्हती. ३१ डिसेंबर १९१३ च्या कायद्याने आजची चौकट आली. संरक्षणाच्या दोन पायऱ्या आहेत. ‘वर्गीकृत’ इमारतीत परवानगीशिवाय खिळा ठोकता येत नाही. ‘नोंदलेल्या’ इमारतीच्या मालकाने काम करण्याआधी चार महिने सूचना द्यायची. त्याला सरकारी अनुदान मिळाले तर जास्तीत जास्त ४० टक्के. दोन्ही पायऱ्या मिळून देशभरात सुमारे ४५,००० इमारती आहेत, त्यांतल्या जवळजवळ निम्म्या खासगी मालकीच्या आणि बहुसंख्य दुसऱ्या पायरीवरच्या.

मान्वारांच्या नोंदणीचे आदेश वाचले की एक ठरीव शब्दप्रयोग पुन्हा पुन्हा भेटतो: ‘दर्शनी भिंती आणि छपरे’. त्याला कधी ‘दालनातील शेकोटी’ जोडलेली, कधी ‘जिना’. म्हणजे बाहेरून जे दिसते ते, आणि आतले जे विकले जाण्याजोगे देखणे आहे ते. मधला माळा, आडभिंत, धान्याचे कोठार, गोठा, अंगणातली फरसबंदी यांचा आदेशात पत्ता नसतो. सगळी मालमत्ता आणि जमिनीचे तुकडेही संरक्षणात घेता येतात, कायद्यात त्याची सोय आहे आणि काही ठिकाणी ती वापरलीही गेली आहे. पण ‘दर्शनी भिंती आणि छपरे’ हा प्रयोग मला नुसती कारकुनी सवय वाटत नाही. त्यात इमारत म्हणजे चेहरा, ही समजूत बसलेली आहे. मालकही याच्याशी खूश असतो, कारण आत त्याला मोकळीक मिळते. वर सांगितलेला सगळा विध्वंस या मोकळिकीत कायदेशीरपणे पार पडू शकतो.

याउलट मान्वार समजून घेण्याचे काम दुसऱ्याच खात्याने केले. १९६४ मध्ये संस्कृतिमंत्री आंद्रे मालरो आणि कलेतिहासकार आंद्रे शास्तेल यांनी देशाच्या साऱ्या कलासंपदेची ‘सर्वसाधारण मोजदाद’ सुरू केली. ती ज्या प्रदेशांत प्रथम हाती घेतली गेली त्यांत ब्रिटनी होता, आणि पहिला छापील खंड १९६९ साली निघाला तो फिनिस्तेर जिल्ह्यातल्या कारे-प्लुगेर या तालुक्याचा. याच कामातून पुढे, १९९३ मध्ये, ब्रिटनीच्या १३८० ते १६०० मधल्या मान्वारांवरचा मोठा अभ्यासग्रंथ तयार झाला. वाशांच्या वर्तुळांवरून लाकूड कोणत्या साली तोडले ते ठरवणे, माळा आधीचा की नंतरचा ते भिंतीतल्या खाचांवरून ओळखणे, ही शिस्त या अभ्यासकांनी आणली. मात्र मोजदादीत नाव आल्याने इमारतीला कवडीचेही संरक्षण मिळत नाही. ती नुसती नोंद. ज्याला इमारत कळते त्याला ती वाचवण्याचा अधिकार नाही. अधिकार आहे तो आदेशातल्या चार शब्दांना.

५. आक्षेप

पहिला आक्षेप पैशाचा. ‘सुंदर करून दाखवल्याशिवाय लोक येणार नाहीत, लोक आल्याशिवाय खर्च निघणार नाही.’ फ्रेंच करकायदा नेमका याच समजुतीवर बेतलेला आहे. संरक्षित घर वर्षातून ठरावीक दिवस उघडे ठेवले, उदाहरणार्थ जुलै ते सप्टेंबर या काळात ४० दिवस, तर मालकाला दुरुस्तीचा सगळा खर्च उत्पन्नातून वजा करता येतो. घर बंद ठेवले तर निम्मा. वारसाकरातही सवलत आहे, तीही लोकांना प्रवेश देण्याचा करार केल्यावर. जनतेच्या पैशाच्या बदल्यात जनतेला काहीतरी मिळावे, हे मान्य. पण मिळावे काय? चाळीस दिवसांच्या बदल्यात दरवाजा उघडतो. घराविषयी एक ओळही नवी कळत नाही. सवलतीची अट ‘काम सुरू करण्याआधी पूर्ण मोजणी, नकाशे, लाकडाची कालनिश्चिती आणि ती कागदपत्रे सार्वजनिक संग्रहात’ अशी केली, तर खर्च फारसा वाढत नाही आणि जनतेला टिकाऊ मोबदला मिळतो. मग दरवाजा चाळीसऐवजी दहा दिवस उघडला तरी चालेल. जुन्या इमारतींसाठी पैसा उभारणाऱ्या, २०१८ पासूनच्या वारसा-लॉटरीबद्दलही माझी हीच तक्रार आहे: पैसा खरा, पण निवड जिकडे गोष्ट रंगतदार तिकडे झुकणार.

गोष्टीचे एक उदाहरण सां-मालोजवळचे लिमोएलू. कॅनडाच्या सफरी करणाऱ्या जाक कार्तिएचा हा मान्वार कॅनडातल्या एका प्रतिष्ठानाच्या पैशातून सावरला गेला आणि १५३४ च्या पहिल्या सफरीला ४५० वर्षे होताना, १९८४ मध्ये, संग्रहालय म्हणून उघडला. घर वाचले, चांगलेच झाले. पण ज्या शेकडो मान्वारांत कार्तिए राहिला नाही त्यांच्यासाठी हा मार्ग नाही.

दुसरा आक्षेप उलट्या बाजूने येतो आणि तो मला जास्त वजनदार वाटतो. ‘ही सरंजामी घरे. कुळांना पिळून बांधलेली. ती जपायला लोकांनी पैसा का द्यावा?’ पश्चिम ब्रिटनीत जमीन मालकाची आणि तिच्यावरची घरे कुळाची, अशी एक विलक्षण कूळपद्धत होती. नुकसानभरपाई देऊन मालक कुळाला घालवू शकत असे. १६७५ मध्ये, नव्या करांवरून सुरू झालेल्या दंग्यांत, कारेच्या परिसरातले शेतकरी लाल टोप्या घालून सरदारांच्या घरांवर चालून गेले आणि हक्कांचे कागद त्यांनी जाळले. त्यांचा म्होरक्या सेबास्तियें ल बाल्प तिमरच्या गढीत मारला गेला. या आक्षेपाला ‘कला निराळी, अन्याय निराळा’ असे उत्तर देणे लबाडी ठरेल, कारण वर पाहिले तसे इथे बांधकामच अन्यायाचे साधन आहे. माझे उत्तर असे की दर्शनी भिंत राखून गोठा पाडणारे संरक्षण हा आक्षेप खरा ठरवते. त्यातून जहागीरदार उरतो आणि कूळ दुसऱ्यांदा बेदखल होते. दालनातली मोठी खिडकी आणि तिच्यावर शेतकऱ्याने चिणलेले दगड दोन्ही एकत्र राहिले, तरच त्या घरात दोन्ही पक्षांची साक्ष राहते.

तिसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा. ‘प्रत्येक थर पवित्र मानला तर घरात राहायचे कसे?’ प्रत्येक थर पवित्र आहे असे मी म्हणत नाही. जिथे खूण एकमेव आहे, पुन्हा मिळणार नाही, तिथे हात लावायचा नाही. बाकी ठिकाणी बदल करावा, फक्त तो पुढे काढून टाकता येईल असा. न्हाणीघर हवे तर शेतकऱ्याच्या आडभिंतीआड करा. नळ येतील, जातील. माणसे राहतात त्या घराचे छप्पर गळत नाही, हा धडा खुद्द कुळांनीच दिलेला आहे.

चौथा: ‘भोवतालही राखला जातोच की.’ खरे आहे, १९४३ पासून संरक्षित इमारतीच्या भोवती ५०० मीटरचा टापू सरकारी वास्तुविशारदाच्या नजरेखाली असतो, आणि २०१६ च्या कायद्याने त्या आंधळ्या वर्तुळाऐवजी जागा पाहून सीमा आखण्याचा मार्ग पक्का केला. पण त्या टापूत पाहिले जाते ते मुख्यतः दिसणे: नवी इमारत नजरेत खुपते का, छपराचा रंग कसा. बांध सपाट झाले, झाडांच्या रांगेने सजलेली वाट नांगरली गेली, गिरणीचा पाट बुजला, याने ‘दृश्य’ बिघडेलच असे नाही.

६. मग करायचे काय

फिनिस्तेर जिल्ह्यात कँपेर्लेजवळच्या मेलाक गावी केर्नो नावाचा पंधराव्या शतकातला मान्वार आहे. जिल्हा परिषदेने तो १९९१ मध्ये विकत घेतला. तिथे मला महत्त्वाचे वाटते ते मुख्य घर नाहीच. अंगणातले लाकडी चौकटीचे जुने कोठार, भोवतीची कुरणे आणि झाडी सोबत राहिली, ते महत्त्वाचे. घर, कोठार, कुरण हे तिन्ही एका नजरेत आले की हे ठिकाण चालायचे कसे, ते शाळकरी पोरालाही समजते. सगळे मान्वार परिषदेने विकत घ्यावेत असे नाही, ते शक्यही नाही. पण नोंदणीचा आदेश लिहिताना केर्नो डोळ्यांपुढे ठेवता येईल: आधी कोठार, गोठा, कबुतरखाना, अंगण आणि वाट यांची यादी, मग भिंती, मग शेकोटी.

अवघड प्रश्न एकच उरतो आणि तो टाळणे बरे नव्हे. अनेक मान्वारांच्या अंगणात विसाव्या शतकातली पत्र्याची शेड किंवा सिमेंट-विटांचा डुक्करवाडा उभा आहे. माझ्याच तर्काने तोही एक थर ठरतो. तो राखायचा का? मी म्हणेन, नाही. तसल्या शेड ब्रिटनीभर आहेत, ती खूण एकमेव नाही. पाडा. मात्र पाडण्याआधी तिची मोजणी व्हावी, छायाचित्रे निघावीत, तिथे काम केलेला शेतकरी अजून हयात असेल तर त्याचे म्हणणे टिपून घ्यावे, आणि या कामाचा खर्च मालकाच्या माथी न मारता पाडण्याची परवानगी देणाऱ्या सरकारी खात्याने उचलावा.